टिटवीचं बोलणं संपेना

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. माणसांनी तळ्यांना नावे द्यायला सुरुवातही केली नव्हती, तेव्हाची. एका मोठ्या तळ्यावर नाना जातींचे पक्षी राहत, आणि त्यांचा अध्यक्ष होता एक सारस.

सारस उंच होता, देखणा होता. तो पंख पसरून नाचू लागला की चरणारी बदकेसुद्धा माना वर करून बघत राहत.

त्याच तळ्यावर एक टिटवी होती. दक्षिणेच्या काठाची राखण ती करी. दूर कुठे गवत हलले तरी ओरडून सगळ्यांना सावध करी. पण संकट टळले की पक्षी म्हणत, "आपल्या अध्यक्षांच्या राज्यात कसं निर्धास्त वाटतं."

टिटवीच्या छातीत तेव्हा कुसळ रुतल्यासारखे होई. ती मनात म्हणे, 'जागायचं मी आणि कौतुक त्याचं.'

तळ्याच्या उत्तरेला लव्हाळ्याचे दाट बन होते. तिकडून कोल्हा येई. म्हणून तिथे रोज एक पहारेकरी नेमायचा, हे अध्यक्षाचे काम होते. एके दिवशी दूरदेशीचे करकोचे पाहुणे आले. त्यांच्यापुढे नाचण्याच्या नादात सारस पहारेकरी नेमायला विसरला. भर दुपारी कोल्हा आला आणि बदकिणीच्या पाच पिल्लांतली चार मारून गेला.

बदकीण टिटवीकडे आली. "ताई, मला चारचौघांत बोलता येत नाही. माझ्या वतीनं तू बोल. हे एक उरलंय. याच्यासाठी तरी तिथे रोज पहारा बसू दे."

टिटवीला वाईट वाटले. अगदी खरे वाईट वाटले. पण त्याच्याखालून एक आनंदही हळूच वर आला, आणि तिने त्याला हाकलले नाही.

"पहारा कशाला मागायचा?" ती म्हणाली. "त्यालाच काढू या."

अध्यक्षाला काढण्याची तळ्यावर एक रीत होती. आरोप करणाऱ्याने मधल्या खडकावर उभे राहून बोलायचे. ऐकणारे आधी अध्यक्षाच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर बसत. ज्याला आरोप पटेल त्याने उडून पश्चिमेच्या काठावर जायचे. बोलणे एका सकाळीत संपले नाही, तर फार तर तीन सकाळी मिळत. "माझं बोलणं संपलं," असे आरोप करणाऱ्याने म्हटले की म्हातारे कासव मोजणी करी. पश्चिमेला जास्त पक्षी असले की अध्यक्ष पायउतार. आणि एकदा निकाल लागला की तो विषय पुन्हा काढायचा नाही.

पहिल्या सकाळी टिटवी थोडेच बोलली. पहारा नव्हता, कोल्हा आला, चार पिल्ले गेली. एवढेच. सारस मान खाली घालून म्हणाला, "विसरलो खरा."

एक म्हातारा ढोक आधी उडाला. मग बगळे, मग पाणकोंबड्या. बघता बघता पश्चिमेचा काठ भरून गेला.

"टिटवीबाई," कासव म्हणाले, "तिकडे दाटी झालीय. संपलं का बोलणं?"

टिटवी तोंड उघडणार, तोच तिला पूर्वेचा काठ दिसला. तिथे अजून पंधरा-वीस पक्षी होते. एका खंड्याने एक मासा आणून सारसापुढे ठेवला होता. "खाऊन घ्या थोडं," तो म्हणत होता. "सकाळपासून उपाशी आहात."

आपल्याला आजवर असे कुणी विचारले होते का? टिटवीला आठवेना. एवढे होऊनही याच्यासाठी मासा? हे पंधरा-वीसही याच्यापाशी राहता कामा नयेत.

"नाही संपलं, आजोबा. उद्या बोलते."

दुसऱ्या सकाळी ती म्हणाली की सारसाच्या नाचाने पाणी गढूळ होते. कमळाचे कोवळे कंद तो आधी खातो. एका पायावर उभा राहतो, तोही उंची मिरवायला.

"त्याचे पाय लांब आहेत हासुद्धा गुन्हाच का, टिटवीबाई?" खंड्याने विचारले. पक्षी हसले.

एक बगळा म्हणाला, "ही पाय वर करून आभाळ धरते म्हणतात. आता अध्यक्षपदही धरायचं दिसतंय." आणि तो परत पूर्वेला गेला. त्याच्यामागून आणखी काही गेले.

बदकीण खडकापाशी पोहत आली. "ताई, पहाऱ्याचं बोल ना. फक्त पहाऱ्याचं."

"थांब गं. मला कळतं काय बोलायचं ते."

तिसऱ्या सकाळी काठ रिकामा होताना पाहून टिटवीचा तोल गेला. ती म्हणाली, "कोल्ह्याला त्यानंच बोलावलं होतं."

कुणी हसले नाही. म्हातारा ढोक पंख उघडत म्हणाला, "पहिल्या दिवशी मी त्या चार पिल्लांसाठी इकडे आलो होतो. आता इथे कुणासाठी उभा आहे, मलाच कळेना." तो उडाला आणि सगळा थवा त्याच्यामागे गेला.

तिसरी सकाळ सरली, तशी कासवाने मोजणी केली. पश्चिमेला एक बदकीण आणि तिचे पिल्लू, एवढेच उरले होते.

त्या दिवशी सारस नाचला, तेव्हा पूर्वी कधी झाला नव्हता एवढा जयजयकार झाला. बदकीण त्याच्यापाशी गेली. "तेवढा लव्हाळ्यात पहारा..."

"तळ्यानं मला निर्दोष ठरवलंय, बाई," सारस म्हणाला. त्याची मान आता ताठ होती.

ती बगळ्यांकडे गेली. बगळे म्हणाले, "तो विषय मिटला ना? का तूही टिटवीच्याच बाजूची?"

दुसऱ्या दिवशी पिल्लाला घेऊन ती पायी निघाली. पिल्लाला अजून उडता येत नव्हते, आणि दुसरे तळे फार लांब होते. टिटवी धावत आडवी आली.

"जाऊ नकोस. लव्हाळ्याचा पहारा मी करीन. रोज करीन."

"तू करशील गं," बदकीण म्हणाली. "पण उद्या कोल्हा आला आणि तू ओरडलीस, तर आता कोण ऐकणार आहे?"

टिटवी वाटेतून बाजूला झाली.

तात्पर्य : खऱ्या आरोपात मत्सर मिसळला, की लोकांना मत्सर तेवढा दिसतो आणि अपराध सुटून जातो.