आतून कोरडा

ग्रीस देशात देवाच्या उत्सवात नाटकं व्हायची, तेव्हाची गोष्ट. फिलोन नावाच्या नटाकडे कापडाचे दोन मुखवटे होते, एक रडका आणि एक हसरा. रडका कायम म्हणायचा, "मला बघून सगळं गाव रडतं, पण माझ्याआड फिलोनचा चेहरा कोरडाच! त्याचा एक तरी खरा अश्रू मला लागावा."

एका सकाळी फिलोनची मुलगी वारल्याचा निरोप आला. पण देवाचा उत्सव थांबत नसतो, आणि त्या दिवशी नाटक विनोदी होतं. फिलोन हसरा मुखवटा चढवून गेला. लोक पोट धरधरून हसले.

हसरा परत आला तो जड होऊन. रडक्यानं विचारलं, "काय झालं रे?"

"आतून चिंब भिजलोय," हसरा म्हणाला. "हे तुला हवं होतं ना? मला तर त्याचं हसू हवं होतं."