सांडशीची उत्तरपत्रिका

त्या राज्यात नीतिशास्त्राची परीक्षा पास झाल्याशिवाय कुणालाही शेगडीजवळ काम मिळत नसे. त्यामुळे तिथली भांडी विलक्षण विद्वान होती आणि स्वयंपाक रोज करपत असे.

यंदा सांडशी पहिली आली. कामाच्या पहिल्याच दिवशी दूध वर येऊ लागलं. राज्यात तेवढंच दूध, आणि सकाळपासून उपाशी असलेल्या पाच चिमुकल्या वाट्या त्याच्याकडे डोळे लावून बसलेल्या.

"अगं, उचल की मला!" पातेलं ओरडलं.

"आपली संमती आहे ना?" सांडशीने अदबीने विचारलं.

"आहे! शंभरदा आहे!"

"पण आपण घाबरून देताय. घाबरून दिलेली संमती खरी धरत नाहीत, पातेलेराव."

झारेगुरुजी धावत आले. त्यांनी सुखाची बेरीज मांडली. दूध सांडलं तर पाच वाट्या रडतील, पण ओट्याखालच्या साडेतीनशे मुंग्या नाचतील! उत्तर मुंग्यांच्या बाजूने आलं तेव्हा गुरुजींनाच घाम फुटला. वाट्यांनी भोकाड पसरलं.

इतक्यात ओटा पुसणाऱ्या मसोत्याने उडी घेतली. कळकट बिचारं, तीनदा नापास झालेलं. त्याने पातेल्याला मिठी मारून धप्पकन खाली उतरवलं. "अगाई गं, भाजलं!" म्हणत ते हसत सुटलं. वाट्या दूध पिऊन ओट्यावर गरगर नाचल्या.

"कोणत्या तत्त्वाने उचललंस?" गुरुजींनी दरडावलं.

"अहो, उचलल्यावर आठवलं की आपण नापास आहोत!"

दुसऱ्या दिवशी राज्यभर सगळ्यांची फेरपरीक्षा झाली आणि एकच प्रश्न आला: 'मसोत्याचे वर्तन योग्य होते काय? सविस्तर चर्चा करा.' मसोतं धुऊन दांडीवर वाळत पडलं होतं. सांडशीचं आठवं पान चालू होतं, आणि काय सुरेख लिहीत होती हो! तेवढ्यात शेगडीवर नवं दूध फुगलं.

"सांडशीमावशी!" वाट्या किंचाळल्या.

सांडशीने पानांकडे पाहिलं, वाट्यांकडे पाहिलं. तिने झेप घेऊन काठ पकडला, पण सायीने तो निसरडा झालेला. पकड सुटू लागली. तिने झटकन उत्तरपत्रिकेची घडी घातली, जबड्यात कोंबली आणि पुन्हा गच्च चावा घेतला. पातेलं हललं, उचललं गेलं. आठही पानं खमंग तपकिरी होऊ लागली.

"सटकतंय, सटकतंय!" झारेगुरुजी पुरवणी फडकावत धावत सुटले. "पोरी, ही घे, दुसऱ्या बाजूला लाव!"