वालखारचं चौकोनी तळं

वालखारच्या खाडीबांधावर उभं राहिलं, की डाव्या हाताला भातशेतांच्या मधोमध एक तळं दिसतं. पाहुणे हमखास विचारतात, हे असं चौकोनी कसं? त्याला ना घाट, ना पायऱ्या. शेजारच्या शेतांच्या कडांसारखेच त्याचे काठ सरळ गेलेले. गावातले जाणते सांगतात, ते शेतच होतं. वालखारमधलं सगळ्यांत कसदार शेत. आणि त्याचं तळं केलं ते त्याच्या मालकानंच.

इनास त्याचं नाव. गोष्ट किती जुनी, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. देवळावर, म्हणजे गावच्या चर्चवर, तेव्हा झावळ्यांचं छप्पर होतं म्हणे. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये हा मातीचा बांध, आणि बांधात लाकडी फळ्यांचं एक दार. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढण्याआधी बंद करायची. काम एवढंच, पण चाळीस घरांचं पोट त्यावर. ज्याच्या शब्दावर संशय घ्यायला जागा नाही, असा माणूस गावाला हवा होता. सगळ्यांनी एकमुखानं इनासचं नाव घेतलं.

सात वर्षं त्यानं ते काम चोख केलं. रविवारी देवळातला मिस्सा झाला की बांधावर फेरी मारायचा आणि खेकड्यांची बिळं चिखलानं बुजवायचा. आठव्या वर्षी एकदा उघाडी लावायला त्याला थोडा उशीर झाला. आत शिरलेल्या पाण्याबरोबर बोयांचा थवा आला. इनास पाटीभर मासे घेऊन घरी गेला. यात वाईट काय झालं? काहीच नाही, असं त्याला वाटलं. पुढच्या उधाणाला मात्र उशीर झाला नाही. त्यानं तो केला.

मासे येऊ लागले तसे मासे खाणारेही येऊ लागले, ताडीचे घडे घेऊन. इनासच्या अंगणात हसणं-खिदळणं वाढलं आणि बांधावरची फेरी चुकू लागली. भरतीच्या जोरात ओढून ओढून उघाडीच्या फळ्या झिजल्या. ते त्याला दिसत होतं. पावसाळा सरला की बदलू, असं म्हणून तो पुढे जायचा.

त्याची बायको नातालीन एकदा शेतातून आली ती हातात चार रोपं घेऊनच. "अहो, टोकं करपलीत बघा. मीठ लागलंय."

"खेकड्यांनी भोकं पाडली असतील."

"मग बुजवा की!"

तो हसला. त्याच रविवारी देवळाच्या दारात फादरांनी विचारलं, "इनास, बांध कसा आहे?"

"एकदम घट्ट, फादर."

असं सांगतात, की खोटं बोललेल्या तोंडानं मिस्सात ख्रिस्तप्रसाद घ्यायला तो त्या दिवशी उठलाच नाही. छातीत कळ येतेय, असं त्यानं नातालीनला सांगितलं. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो तो असा.

भाद्रपदातल्या अमावास्येचं उधाण भर दुपारी आलं. भात पोटरीला आलं होतं. इनासनं फळ्या वर ओढल्या, जाळं लावलं आणि सावलीला जाऊन बसला. परत आला तेव्हा पाणी धडका मारत होतं. त्यानं फळी खाली दाबली. ती मध्येच अडकली आणि कडाडून मोडली. उघाडी गेली, तिच्यामागे वीस हात बांध गेला. बघता बघता चाळीस घरांच्या भातात समुद्र उभा राहिला. जीव कुणाचा गेला नाही, पण पाणी ओसरलं तेव्हा शेतं मिठानं पांढरी पडली होती. त्या साली वालखारनं कंदमुळं उकडून खाल्ली.

दोष आला दुमिंगवर. तो बाहेरून आलेला, मिठागरात राबणारा. त्याची झोपडी उघाडीला लागूनच. "मिठागरासाठी यानंच पाणी आत घेतलं," लोक म्हणाले. दुमिंगनं शपथा घेतल्या, पण कोण ऐकतो? गाव सोडून जा, असं त्याला बजावलं.

त्याचं बिऱ्हाड निघालं तेव्हा सगळा गाव जमला होता. त्यात इनासही होता. त्याच्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवलं नव्हतं. दोन दिवस गप्प राहिला असता, तर गोष्ट तिथेच मिटली असती. दुमिंगच्या बायकोनं चुलीवरची हंडी उतरवली, राखेत पाणी ओतलं. ती विझलेली चूल बघून इनासला उभं राहवेना.

"थांबा," तो म्हणाला. "उघाडी मी उघडी ठेवत होतो. माशांसाठी."

लोकांना वाटलं, हा दयेपोटी बोलतोय. "अरे, सात वर्षं तू—"

"सात वर्षं नीट राखली, आठव्या वर्षी नाही. फळ्या झिजल्यात हे मला माहीत होतं. मी फादरांशी खोटं बोललो, घरात खोटं बोललो." मग दुमिंगसमोर गुडघे टेकून तो म्हणाला, "दुमिंगभाऊ, ही शिक्षा माझी आहे."

दुमिंगच्या बायकोनं हातातली हंडी खाली ठेवली.

फादर म्हणाले, "इनास, पश्चात्ताप केलास, देव तुला क्षमा करील. पण खाडी क्षमा करत नाही. बांध घालावा लागेल."

बांधाला चिकण माती हवी, आणि ती सगळ्यांत खोलवर होती इनासच्या शेतात. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या शेतात कुदळ घातली. नातालीन टोपली घेऊन मागे उभी राहिली. तिसऱ्या दिवशी दुमिंग आला. मग एकेक करत गाव आला. तीन उन्हाळे माती वाहिली गेली. कुणी आपल्या शेतातली देऊ केली, तर इनास हात जोडून नको म्हणायचा.

बांध उभा राहिला आणि शेताच्या जागी खड्डा उरला. पावसानं तो भरला. खाडी इतकी जवळ, तरी पाणी नारळासारखं गोड निघालं. गाव त्याला देवाची करणी म्हणतो. तेच पाणी पाटानं शेतांत फिरवून लोकांनी मीठ धुऊन काढलं, आणि चौथ्या वर्षी वालखारमध्ये पुन्हा लोंबी धरली.

इनासला क्षमा मिळाली, शेत मिळालं नाही. उरलेलं आयुष्य तो दुसऱ्यांच्या शेतांत राबला. उघाडी गावानं दुमिंगच्या हाती दिली. इनासनं ती कधी मागितली नाही. पण तो मेला तेव्हा त्याला खांदा द्यायला चाळीस घरांतला एकही पुरुष मागे राहिला नाही, आणि पुढे दुमिंग होता.

आजही ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पहिल्या शुक्रवारी वालखारचं प्रत्येक घर स्वतःच्या शेतातली एक टोपली माती बांधावर घालतं. वर्षभरात ज्यानं कुणाला फसवलं असेल, तो त्या माणसाला टोपलीची दुसरी कड धरायला बोलावतो. चढावर जाईपर्यंत दोघं हळू आवाजात बोलतात. काय बोलले, ते गावात कुणी विचारत नाही.