टिपरीची शेंग आणि बोरटेकचं स्टेशन

एक होतं स्टेशन. नाव त्याचं बोरटेक. गाडी? गाडी कधीच बंद झाली! पण गावातली हौशी मंडळी दर रविवारी येतात. झाडतात, पुसतात, रंगवतात. कुणी सांगितलं? कुणी नाही! आवडतं म्हणून.

तिथे राहायची टिपरी खार. तिचं पिल्लू कडुनिंबावर. भूक भूक करत होतं. टिपरीला मिळाली एक शेंग. तोंडात धरली आणि निघाली तुरुतुरु. तिकीटखिडकीवर चढली आणि... सटक! शेंग पडली आत. फट एवढुशी. शेंग गेली, टिपरी जाईना.

"आई गं! आता माझं पिल्लू काय खाईल?"

टिपरी गेली दाराकडे.
"दारा दारा, उघड ना."
"का बरं?"
"शेंग मिळेना!"
"कर्रर्र! माझी कडी गंजलीय. मावशी तेल देईल, मग मी उघडेन."

तुरुतुरु तुरुतुरु! अनुसयामावशी फलाट झाडत होती.
"मावशी मावशी, दाराला तेल दे ना."
"का गं बाई?"
"दार उघडेना,
शेंग मिळेना!"
"देते की! पण दारापुढे गवत केवढं माजलंय. शेळी गवत खाईल, मग मी येईन."

तुरुतुरु तुरुतुरु! शेळी उभी रुळापलीकडे.
"शेळीबाई शेळीबाई, गवत खा ना."
"का बरं?"
"मावशी तेल देईना,
दार उघडेना,
शेंग मिळेना!"
"बें! सिग्नल पडेल, मग मी रूळ ओलांडेन. स्टेशनची शेळी आहे मी, अशीतशी नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु!
"सिग्नलदादा, पड ना. पण लागेल का रे तुला?"
"खुळी कुठली! हात खाली केला की म्हणतात, सिग्नल पडला. पण का पडू?"
"शेळी गवत खाईना,
मावशी तेल देईना,
दार उघडेना,
शेंग मिळेना!"
"आजोबा दांडा ओढतील, मग मी पडेन."

तुरुतुरु तुरुतुरु! सोनबाआजोबा जुने रेल्वेवाले. दांड्यापाशी ताठ उभे.
"आजोबा आजोबा, दांडा ओढा ना."
"का गं पोरी?"
"सिग्नल पडेना,
शेळी गवत खाईना,
मावशी तेल देईना,
दार उघडेना,
शेंग मिळेना!"
"घंटा वाजेल, मग मी ओढेन."
"पण गाडी तर येतच नाही!"
"म्हणून काय झालं? नियम म्हणजे नियम!"

तुरुतुरु तुरुतुरु!
"घंटाबाई घंटाबाई, वाज ना."
"का बरं?"
"आजोबा दांडा ओढेनात,
सिग्नल पडेना,
शेळी गवत खाईना,
मावशी तेल देईना,
दार उघडेना,
शेंग मिळेना!"
"वाजेन गं. पण माझी दोरी कोण ओढणार?"

टिपरीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुण्णी नाही! मग स्वतःच मारली उडी. लोंबकळली दोरीला.

ठण! ठण! ठण!

घंटा वाजली.
आजोबांनी दांडा ओढला, खटॅक!
सिग्नल पडला, धप्प!
शेळीने गवत खाल्लं, चबर चबर.
मावशीने तेल दिलं, टिप टिप.
दार उघडलं, कर्रर्र!
शेंग मिळाली!

टिपरी पळाली रुळावरून, तुरुतुरु तुरुतुरु. आजोबांनी काढलं हिरवं निशाण. फडफड हलवलं.

"अहो, हे काय?" मावशीने विचारलं.
"घंटा झाली, सिग्नल पडला. मग गाडी सुटणारच!"

बोरटेकवरून गाडी सुटली! केवढी गाडी? खारीएवढी! पोचली थेट कडुनिंबावर. पिल्लाने शेंग फोडली, कटक!

शेंग झाली फस्त,
पिल्लू झालं सुस्त,
गोष्ट झाली मस्त!