टेकडीवरची भाकरी

फार फार पूर्वी, माणसं थोडी होती आणि भांडणं मात्र आताइतकीच होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावाशेजारी टेकडी होती. टेकडी कसली, उंचवटाच म्हणा! म्हातारी शेळीसुद्धा धाप न लागता वर जाई. पण गावाचा एक रिवाज होता. ज्या घरात चुली वेगळ्या करायच्या, त्या घरच्या दोघी जावांनी आधी ती टेकडी चढायची. एकीने पीठ न्यायचं, दुसरीने पाणी. वर तीन दगड मांडून एकच भाकरी भाजायची आणि अर्धी अर्धी पंचांना आणून दाखवायची. मग वाटणी. रिकाम्या हाताने आल्या, तर पुढच्या सुगीपर्यंत वाटणीचं नाव काढायचं नाही.

अशाच दोघी जावा एकदा निघाल्या. हट्ट थोरलीचा. आपली चूल, आपला संसार, एवढंच तिला हवं होतं. धाकटीचं तोंडही तिला बघवत नव्हतं. पाण्याचा तांब्या थोरलीच्या हाती, पिठाची टोपली धाकटीच्या डोक्यावर.

अर्ध्या वाटेत धाकटी म्हणाली, "जाऊबाई, घोटभर पाणी द्या ना. घशाला कोरड पडलीय."

"सकाळी भांडताना बरा चालत होता गं घसा!" असं म्हणून थोरलीने तिच्यादेखत तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. उरलेले थेंबही झटकून टाकले. अहाहा, काय गार वाटलं तिला! धाकटी डोक्यावरची टोपली सावरून चालत राहिली.

वर पोचल्यावर थोरलीने दगड मांडले, चकमक झाडून काटक्या पेटवल्या. धाकटीने पीठ पुढे केलं.

"हं, ओता पाणी."

तेव्हा कुठे थोरलीच्या डोक्यात प्रकाश पडला. टेकडीवर ना विहीर, ना झरा. कोरडं पीठ थापून कधी भाकरी होते का? तिला रडूच कोसळलं.

खाली पंचांनी विचारलं, "भाकरी कुठाय?"

दोघींनी रिकामे हात दाखवले. धाकटीला सांगता आलं असतं, पण तिने सांगितलं नाही.

"बरं, मग पुढच्या सुगीला बघू," पंच म्हणाले आणि उठून गेले.

घरी धाकटीने जुन्याच चुलीवर भाकऱ्या टाकल्या. थोरलीपुढे ताट मांडलं आणि ताटाआधी तांब्या ठेवला.

"पाणी प्या, जाऊबाई. उन्हातून आलात."

ते पाणी काही थोरलीच्या घशाखाली उतरेना.

लहानथोरहो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याला तहानलेलं ठेवायला जो पाणी संपवतो, त्याचंच पीठ कोरडं राहतं.