दहा दाण्यांची गोणी

एका रानात खूप धान्य होतं. इतकं की ते ठेवायचं कुठे, हीच त्या रानाची सगळ्यात मोठी अडचण होती. रानाचं नाव तृप्तवन. राजा होता एक गवा, गजबरराव महाराज. त्यांची मान इतकी जाड होती की ती वळायची नाही. त्यामुळे ते कायम समोरच बघत, आणि रानात याला दूरदृष्टी म्हणत.

टेकडीच्या पोटात कोठार होतं. त्यात पाच वर्षांची ज्वारी पडून होती. तळाच्या ज्वारीला मोड यायचे, मोड सुकून जायचे आणि वरून नवी ज्वारी ओतली जायची. कोठाराच्या किल्ल्या अंबूताईंकडे असत. अंबूताई म्हणजे सायाळ. किल्ल्या हरवू नयेत म्हणून त्या पाठीच्या काट्यांत अडकवून ठेवायच्या, त्यामुळे त्या चालल्या की खुळखुळ वाजायचं. बावीस वर्षांत त्यांनी हुकुमाशिवाय एक दाणा बाहेर काढला नव्हता. हुकूम आला तरी तो दोनदा वाचायच्या. रान त्यांना कडक म्हणायचं आणि त्यांना ते मनातून आवडायचं.

नदीच्या पलीकडे खडकाळ नावाचं दुसरं रान होतं. तिथे ससे राहत. दोन वर्षं तिथे काही पिकलं नव्हतं. एके दिवशी दोन्ही काठांवर ये-जा करणारी टिटवी कोठाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"अंबू, पलीकडं ससे आता मुळ्या उकरून खातायत. त्याही संपत आल्यात बघ."

"मग?"

"एक पसा बियाणं तेवढं राखून ठेवलंय. भोपळ्याच्या तुंब्यात. म्हातारा कानू ससा त्याच्यावर बसून असतो. नातवंडं समोर रडतात, पण हा उठत नाही. म्हणतो, हे खाल्लं तर पुढच्या साली पेरायचं काय? पण अंबू, किती दिवस बसंल तो?"

अंबूताईंनी मागे वळून पाहिलं. ज्वारीची भिंत छतापर्यंत गेली होती. "हुकूम लागतो गं," त्या म्हणाल्या. टिटवी उंबऱ्यावरून हलली नाही. शेवटी अंबूताईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता एक अर्ज लिहिला.

अर्जावर सात दिवस सभा चालली. आधी ससे खरोखर उपाशी आहेत का हे पाहायला समिती नेमली गेली. समितीने नदीच्या अलीकडच्या काठावर उभं राहून पाहणी केली. अहवालात लिहिलं होतं, 'ससे सडपातळ आहेत. परंतु सडपातळ असणे ही त्यांची संस्कृती असू शकते.'

मग विरोधी पक्षाचे पुढारी दंताजी रानडुक्कर उभे राहिले. त्यांच्या पक्षाची घोषणा होती 'आधी आपलं पोट'. ती देताना ते स्वतःच्या पोटावर हात ठेवत, आणि हात दोन्ही बाजूंना पुरत नसे.

"बंधूंनो आणि भगिनींनो!" दंताजी गरजले. "आपल्या दक्षिण उतारावरचे उंदीर अर्धपोटी झोपतात, आणि आपण परक्या सशांना ज्वारी वाटायची? कोण लागतात हे ससे आपले?"

टाळ्या पडल्या. उंदरांची गोष्ट खरी होती. त्या सात दिवसांत दंताजींनी त्यांचं नाव चाळीस वेळा घेतलं. ते ऐकून शेवटच्या दिवशी उंदीर स्वतःच सभेला आले, तेव्हा त्यांना बसायला जागा नव्हती. दारावरच्या रेड्याने त्यांना सांगितलं की आत तुमच्याबद्दल फार चांगलं बोलणं चाललंय, उगाच व्यत्यय आणू नका.

शेवटी महाराज उठले.

"आपण दाते आहोत," ते समोर बघत म्हणाले. "दाता हा जन्मावा लागतो. खडकाळला ज्वारीच्या चाळीस गोण्या पाठवा. प्रत्येक गोणीवर माझं चित्र असावं. भुकेल्याला ज्वारी दिसायच्या आधी चेहरा दिसला पाहिजे."

अंबूताईंनी हुकूम दोनदा वाचला, कुलूप काढलं आणि चाळीस गोण्या गच्च भरल्या. बावीस वर्षांत त्यांना इतका आनंद कधी झाला नव्हता. पण गोण्या नदीवर जाण्याआधी चाखणी व्हायची होती.

चाखणी ही तृप्तवनाची जुनी रीत. महाराजांच्या आजोबांच्या काळात एका पाहुण्या अस्वलाचं पोट बिघडलं होतं. तेव्हापासून परक्याला द्यायची वस्तू आधी घरच्यांनी चाखून बघायची असं ठरलं. पाहुण्याच्या काळजीपोटीच ही रीत पडली होती. फक्त किती चाखायचं हे ठरवायचं राहून गेलं होतं.

पहिली चाखणी राजवाड्यात झाली. चार दिवस भाकऱ्या भाजल्या जात होत्या. मग प्रधान चपळनाथ मुंगसाने चाखलं आणि कुटुंबाचंही मत घेतलं. मग परराष्ट्र खातं, आरोग्य खातं, नदी खातं. समितीने पाहणी करून दमल्याबद्दल चाखलं. एवढ्यात दंताजी मोर्चा घेऊन आले.

"आम्ही मदतीच्या विरोधात आहोत," ते म्हणाले. "चाखणीच्या नाही. चाखणी ही आपली परंपरा आहे, आणि परंपरेत पक्ष आणू नका!"

त्यांना आठ गोण्या दिल्या. दोन दिवसांनी त्यांनी पत्रक काढलं, की ज्वारी उत्तम आहे, म्हणूनच ती बाहेर जाता कामा नये.

पंधरवड्याने अंबूताईंच्या समोर एक गोणी उरली. त्यांनी ती झटकली. तळाच्या शिवणीत दहा दाणे अडकले होते.

प्रधान मुंगूस ओठ पुसत म्हणाला, "अंबूबाई, आता हे पाठवणं बरं दिसत नाही. राहू द्या."

टिटवी उंबऱ्यावर बसून होती. अंबूताईंनी तिच्याकडे पाहिलं. "जाऊ द्या साहेब," त्या म्हणाल्या. "काहीच न जाण्यापेक्षा दहा दाणे तरी जाऊ द्यात."

गोणीचं तोंड शिवलं, महाराजांचं चित्र वर आलं आणि पाणमांजरांनी ती नदीपार नेली.

चार दिवसांनी तीच गोणी परत आली. अंबूताईंनी शिवण उसवली. आत पसाभर ज्वारी होती, टपोरी आणि राख चोळलेली, पेरणीसाठी राखून ठेवतात तशी.

"हे काय गं?" त्यांनी टिटवीला विचारलं.

"पलीकडची रीत आहे. कुणाच्या घरनं आलेलं भांडं रिकामं परत करायचं न्हाई. वाटीभर कालवण आलं तर जाताना वाटीत निदान चार बोरं तरी टाकायची. कानू म्हणाला, राजाघरची गोणी आहे, तशीच कशी धाडू? आणि उठला की तुंब्यावरनं."

अंबूताई खाली बसल्या. त्यांची आईदेखील शेजारणीचं भांडं कधी रिकामं द्यायची नाही. ही गोष्ट त्यांना आठवायला हवी होती. हट्टाने पाठवलेल्या त्या दहा दाण्यांनी कानूला त्याच्या जागेवरून उठवलं होतं. त्या दिवशी अंबूताईंना स्वतःची फार लाज वाटली.

राजवाड्यात मात्र आनंदीआनंद झाला.

"महाराज!" प्रधान धापा टाकत म्हणाला. "आपण दहा दाणे दिले, पसाभर आले! मदत फायद्यात आहे!"

"ते बियाणं आहे," अंबूताई म्हणाल्या. "त्यांचं शेवटचं. परत पाठवायला हवं."

"अवश्य," महाराज म्हणाले. "पण बाहेर जायचं म्हणजे आधी चाखायला हवं."

दुपारपर्यंत ते चाखून झालं. दंताजीही न बोलावता आले होते. दाढेतला शेवटचा दाणा जिभेने काढत त्यांनी जाहीर केलं, की अशा प्रकारच्या मदतीला आमच्या पक्षाचा पूर्ण पाठिंबा आहे.

मग तृप्तवनाच्या दातृत्वाला पूर आला. माळावरचे तितर, काटेरानातले होले, उजाड डोंगरावरच्या खारी, जिथे जिथे उपासमार होती तिथे तिथे महाराजांच्या चित्राची गोणी जाऊ लागली. प्रत्येक गोणीत दहा दाणे. गरिबांच्या रीती सगळीकडे सारख्याच असाव्यात, कारण एकही गोणी रिकामी परत आली नाही. मदत खात्याला नवी इमारत मिळाली. तृप्तवन हे जगातलं सर्वांत दानशूर रान असल्याचं तृप्तवनानेच जाहीर केलं. ज्यांनी एकदा दिलं ते दुसऱ्यांदा देऊ शकत नव्हते, पण प्रधानांच्या मते गरीब रानांचा तुटवडा नव्हता.

बऱ्याच दिवसांनी टिटवी आली आणि उंबऱ्यावर बसली.

"कानूची नातवंडं कशी आहेत?" अंबूताईंनी भीतभीत विचारलं.

"आता रडत न्हाईत."

"बरं झालं बाई."

"बरं कुठलं? रडायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं, अंबू."

त्याच दिवशी नवा हुकूम आला. खडकाळला पुन्हा गोण्या पाठवायच्या होत्या, कारण निवडणूक जवळ आली होती. अंबूताईंनी हुकूम एकदा वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. 'खडकाळ रानास ज्वारीच्या चाळीस गोण्या तातडीने रवाना कराव्यात.' बस, एवढंच. दहा दाण्यांचा त्यात उल्लेख नव्हता, चाखणीचाही नव्हता. असल्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात, पण कागदावर कुणी लिहीत नाही.

अंबूताई कडक होत्या. हुकुमात जे लिहिलंय तेच त्या करत. त्यांनी दक्षिण उतारावरच्या उंदरांना हमालीला बोलावलं आणि मजुरी ठरवली, गालात मावेल तेवढी ज्वारी. उंदरांच्या गालात किती मावतं हे रानाला त्या दिवशी कळलं असतं, पण कोठाराकडे कुणी बघतच नसे. दिवसभरात चाळीस गोण्या गच्च भरून, तोंडं शिवून काठावर उभ्या राहिल्या. दोन गोण्यांत राख चोळलेलं निवडक बियाणं होतं.

पहिली गोणी उचलताना पाणमांजराची कंबर वाकली. "ताई, महाराज आज लई जड लागायलेत."

"नीट धर," अंबूताई म्हणाल्या. "महाराज आहेत ते. भिजले नाही पाहिजेत."

कोठारातून चाळीस गोण्या गेल्या त्याची तृप्तवनाला गंधवार्ता नव्हती. ज्वारीची भिंत हातभर खाली आली एवढंच. प्रधान मधूनमधून विचारायचा, "खडकाळच्या गोण्या परतल्या नाहीत अजून?" अंबूताई म्हणायच्या, "येतील. ती माणुसकी आहे त्यांच्यात." माणुसकी हा शब्द रानात फारसा कुणाला समजत नसे, त्यामुळे विषय तिथेच संपायचा.

आणि गोण्या आल्या. ऐन प्रचारसभेत आल्या. महाराज व्यासपीठावर होते, शेजारी प्रधान, समोर दंताजी आपल्या घोषणेसह. एवढ्यात नदीकडून म्हातारा कानू काठी टेकत आला. मागे पाणमांजरांच्या पाठीवर चाळीस गोण्या होत्या. प्रत्येकीत नव्या पिकाची पसाभर ज्वारी होती.

कानूने हात जोडले. "महाराज, तुमचे उपकार कुठं फेडू? पहिली गोणी आली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मनातून तुम्हाला शिव्या दिल्या मी. पण नंतरच्या चाळीस गोण्या काय गच्च भरल्या होत्या! आमची पोरं वाचली हो. शेतं उभी राहिली."

मुंगसाने अंबूताईंकडे पाहिलं. अंबूताईंच्या पाठीवरची एक किल्ली खुळकन वाजली.

"गच्च?" दंताजी किंचाळले. "गच्च भरलेल्या? देशाची ज्वारी देशाबाहेर? लुटलं! आपल्या उंदरांच्या तोंडचा घास पळवला!"

"आमच्या तोंडात पडला की त्या दिवशी थोडा," एक उंदीर मागून म्हणाला, पण त्याला माईक नव्हता.

आता महाराज पेचात पडले. मी दिली म्हणावं तर दंताजींची मतं वाढणार, मी नाही दिली म्हणावं तर दाता कोण? महाराजांनी पुष्कळ वेळ समोर बघितलं. मग ते बोलले.

"होय, खडकाळची पोरं मी वाचवली. दातृत्व माझ्या रक्तातच आहे." टाळ्या. "आणि मला न विचारता त्यांना ज्वारी देणाऱ्याची मी गय करणार नाही!" आणखी मोठ्या टाळ्या. दोन्ही बाजू मिळून टाळ्या वाजवत होत्या, असं रानात प्रथमच घडत होतं.

अंबूताईंवर तिथल्या तिथे खटला चालला. गुन्हा होता, हुकुमाची अंमलबजावणी. शिक्षा आधीच ठरली होती, किल्ल्या जमा आणि हद्दपारी.

"काही सांगायचंय?" प्रधानाने विचारलं.

"तळाच्या ज्वारीला पुन्हा मोड आलेत," अंबूताई म्हणाल्या. "जरा बघा."

त्यांनी काट्यांतून एकेक किल्ली काढून व्यासपीठावर ठेवली. बावीस वर्षांनी त्या पहिल्यांदाच आवाज न करता चालल्या. कानूने नदीपर्यंत त्यांना सोबत केली आणि पुढेही केली. पलीकडे सशांनी त्यांना एक बीळ उकरून दिलं, काट्यांच्या मानाने जरा ऐसपैस. पहिल्या संध्याकाळी कानूच्या सुनेने भाकरी-कालवण पाठवलं. अंबूताई जेवल्या, थाळी घासली, आणि त्यात काय घालून परत करावं याचा विचार करत बराच वेळ दारात बसून राहिल्या. शेवटी पाठीचा एक लांब काटा काढून ठेवला, बियाणं पेरताना भोकं पाडायला बरा.

इकडे त्या चाळीस पसे ज्वारीची चाखणी झाली. निवडणूकही झाली. गच्च भरलेली गोणी खांद्यावर घेतलेल्या महाराजांचं चित्र झाडाझाडावर लागलं होतं, आणि ते भरघोस मतांनी निवडून आले. दंताजी मदत खात्याचे मंत्री झाले. त्यांनी पहिलाच हुकूम काढला, आणि या वेळी कुठली पळवाट राहू नये म्हणून सगळं नीट कागदावर लिहिलं: कारभार पारदर्शक असावा यासाठी यापुढे मदतीच्या गोण्यांची तोंडं शिवू नयेत. आत काही नाही, हे कुणालाही, केव्हाही, बघता आलं पाहिजे.