द्वारकेच्या बिजागऱ्या

धीर धरायचा तर किती दिवस धरायचा? मल्हारीनं बहिणीला विचारलं, ती हसली. दलालाला विचारलं, त्यानं मान हलवली. देवाला विचारलं, देव बोलला नाही. त्या मल्हारीची ही गोष्ट. ऐका धीराई माते, तुमची कहाणी.

आटपाट गाव होतं. गावाबाहेर माळ होता, माळावर लहान लहान कारखाने होते. गावात द्वारका नावाची बाई राही. नवरा लवकर गेला, पदरात लेक रेवती. पाठचा भाऊ मल्हारी, त्यालाही तिनंच वाढवला. तो चौथीतून शाळेबाहेर पडला, लाकडाच्या वखारीत लागला. अंगात बळ फार, पण डोक्यात राख घालायला वेळ लागत नसे.

द्वारका लोकांचे कपडे शिवी. तिनं धीराईचा वसा घेतला. तो वसा कसा घ्यावा? चुलीचा पैसा बाजूला ठेवावा, त्याला हात लावू नये. उरल्यासुरल्यातून, ज्याच्याकडे कोणी बघत नाही अशा लहान पण खऱ्या कारखान्याचे शेअर घ्यावे. रोज भाव विचारू नये. श्रावणात एकदा फाटकाशी जाऊन उभं राहावं. कामगार येतात का, माल भरून गाड्या निघतात का, ते बघावं. काम चालू असेल तर घरी येऊन दिवा लावावा. काम बंद पडलं असेल तर हात जोडावे आणि शेअर विकून मोकळं व्हावं. असा तो वसा.

द्वारकेनं दाराच्या बिजागऱ्या करणारा कारखाना निवडला. रेवतीच्या शिक्षणासाठी त्याचे शेअर घेतले.

पहिल्या वर्षी भाव पडला. शेजारची कौसाबाई म्हणाली, "द्वारके, बिजागऱ्या करकरल्या का गं?" द्वारका फाटकाशी गेली. काम चालू होतं. घरी येऊन दिवा लावला. दुसऱ्या वर्षी भाव आणखी पडला. द्वारका फाटकाशी गेली. काम चालू होतं. घरी येऊन दिवा लावला. तिसऱ्या वर्षी त्या शेअरांचं नावही कोणी घेईना. मल्हारी म्हणाला, "ताई, फुंकून टाक ते. किती दिवस असं बसायचं?" ती हसली. म्हणाली, "तू आधी जेव. भाकरी निवते आहे." आणि दिवा लावला.

मग द्वारका तापानं पडली. औषधपाणी झालं, उतार पडेना. तिनं भावाला जवळ बोलावलं. "मल्ल्या, शेअर तुझ्या नावावर येतील, पण ते रेवतीचे. तू फक्त श्रावणात फाटकाशी जा." मल्हारीनं मान डोलावली. द्वारका गेली.

मल्हारीच्या काळजात आग पेटली. बहिणीनं जन्मभर शिळंपाकं खाल्लं. तिचं तेरावं तरी असं करीन, की गाव नाव काढील! तसाच उठला, दलाल नेमाशेठकडे गेला. "सगळे विका."

नेमाशेठ म्हणाला, "आता मातीमोल जातील. श्रावण तोंडावर आलाय. जरा थांब."

"माझी बहीण थांबली का?"

नेमाशेठनं वही उघडली. शेअर विकले. मग मांडव पडला, जिलब्या तळल्या, गाव जेवलं. कौसाबाई ढेकर देऊन म्हणाली, "तेरावं असावं तर असं!" मल्हारीला त्या दिवशी बरं वाटलं.

श्रावण आला. मल्हारी फाटकाशी गेला नाही. मग नगरोनगरी घरं उठली. दारं आली, दारांना बिजागऱ्या आल्या. भाव चढला, आणखी चढला, डोळे पांढरे होईतो चढला.

रेवती दहावी पास झाली. तिला नर्स व्हायचं होतं. "मामा, आईचे शेअर?" मल्हारी खाली बघत राहिला. पोरीला कळलं. ती आईच्या शिलाई यंत्रावर जाऊन बसली. लोकांचे कपडे शिवू लागली.

मग मल्हारी फाटकाशी गेला. मालाच्या गाड्यांची रांग लागली होती. एक म्हातारी उकडलेल्या शेंगा विकत होती. म्हणाली, "इथं एक बाई यायची, तुझ्यासारख्याच तोंडवळ्याची. बरी आहे ना?"

"गेली."

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. मल्हारी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. "आजी, घालवलेलं परत येईल का?"

"नाही रे बाबा. वसा घे. पण तू उतावीळ होशील, घाबरशील, मधेच टाकशील."

"उतावीळ होणार नाही, घाबरणार नाही, मधे टाकणार नाही."

मल्हारीनं तंबाखू सोडली. वखारीत जादा ओंडके उचलले. नळाच्या तोट्या करणारा एक कारखाना होता, त्याचे शेअर थोडे थोडे घेत गेला. पहिल्या वर्षी भाव पडला. काम चालू होतं, त्यानं दिवा लावला. दुसऱ्या वर्षी भाव पडला. दिवा लावला. तिसऱ्या वर्षी भाव तिथंच रुतून बसला. त्याची पाठ वाकली, रेवतीचे डोळे शिवणानं खोल गेले. फळ आलं नाही.

रेवती सज्ञान झाली, तसा तो नेमाशेठकडे गेला. "सगळे तिच्या नावावर करा. माझं नाव कुठंच ठेवू नका. राग आला की माझा हात माझं ऐकत नाही."

"अरे, आज यांना कोणी हुंगत नाही."

"ठाऊक आहे. काम चालू आहे."

आणि मल्हारीनं मोडक्या अक्षरांत सही केली.

मल्हारीला समज आली, ती उशिरा आली. तुम्हां आम्हां ती वेळेवर येवो. द्वारकेला जो धीर होता, तो तुम्हां आम्हां लाभो. साठां दुःखांची ही कहाणी, पांचां शब्दांत सांगितली, सुफळ संपूर्ण होवो.